शिंगरावर कधी बसायचं: दुसऱ्या वर्षी की चौथ्या?

पुण्याच्या रेसकोर्सवर दोन वर्षांची थरोब्रेड (शर्यतीच्या जातीची घोडी) सरावात दिसतात, म्हणून घरच्या मारवाडी शिंगरावरही त्याच वयात बसायची घाई होते.

दोन वर्षांची सुरुवात शर्यतीच्या कामासाठी असते. स्वार हलका, सराव थोडा आणि पायांवर रोज हात फिरवून तपासणी. वाढत्या वयात थोडक्यात केलेल्या वेगवान व्यायामाने हाड घट्ट होतं, हे खरं. पण रोजचा लांब फेरफटका किंवा लहान गोलात फिरवणं वेगळं. त्याने नडगी दुखते, पुढचा गुडघा गरम लागतो. गुडघ्यावरची वाढीची पट्टी, म्हणजे हाड जिथून वाढतं तो मऊ भाग, साधारण 24 ते 30 महिन्यांत बुजते. पाठीच्या मणक्यांना मात्र साडेपाच वर्षंही लागतात.

म्हणून हौसेच्या घोड्यासाठी आमचा कौल चौथ्या वर्षाला. तिसऱ्या वर्षी रिकामं खोगीर, लगाम आणि हाकेवर थांबणं शिकवा. नंतर 350 किलोच्या घोड्यावर खोगिरासह 50-55 किलोच वजन, 15-20 मिनिटं चाल, आठवड्यातून तीन-चार दिवस.

वय भरलं तरी दोन गोष्टी पाहाच. पुठ्ठा, म्हणजे पाठीचा मागचा भाग, खांद्यापेक्षा उंच असेल तर खोगीर पुढे सरकून खांदे सोलतं, थांबा. अडीच आणि साडेतीन वर्षांच्या सुमारास पुढचे दुधाचे दात पडतात. तेव्हा मान झटकणाऱ्या घोड्याला हट्टी ठरवून मारू नका. तोंड दुखत असेल. आधी पशुवैद्याला दाखवा. आणि उन्हाळ्यात कडक मुरमावर दुडकी नको, मऊ माती शोधा.