रानांची जुनी नावे शोधण्यासाठी द्यू कांजचा कोश

युरोपच्या नकाशावरील गावांच्या नावांत जुन्या रानांचा माग काढू इच्छिणाऱ्यांसाठी पॅरिसच्या एकोल नासिओनाल दे शार्त या संस्थेने संकेतस्थळावर विनामूल्य खुला केलेला, सतराव्या शतकातील फ्रेंच विद्वान द्यू कांजचा मध्ययुगीन लॅटिन कोश आजही अतिशय भरवशाचा आहे. मूळ ग्रंथ १६७८ सालचा. येथे मात्र १८८३ ते १८८७ दरम्यान दहा खंडांत निघालेली फाव्र यांची आवृत्ती घेतल्यामुळे नंतरच्या संपादकांनी घातलेली भरही सोबत वाचायला मिळते.

या कोशाचे खरे बळ जुन्या दस्तांमधील अवतरणांत आहे. ‘ब्रोलियम’ म्हणजे भिंतीने किंवा कुंपणाने वेढलेले शिकारीचे रान. फ्रँकांचा सम्राट शार्लमेन याच्या काळातील राजमळ्यांविषयीच्या आज्ञापत्रात तर ‘लोक ज्यांना ब्रोगिल म्हणतात’ त्या वनरायांची नीट राखण करावी, असे कलमच आहे. फ्रान्समधील ब्रेय, इटलीतील ब्रोल्यो आणि जर्मनीतील ब्रूल ही गावे याच शब्दाची वारस आहेत. पुढे जर्मनीत त्याचा अर्थ ओलसर कुरण असा झाला, म्हणजे झाडी गेली तरी नाव टिकले.

‘फोरेस्ता’ची नोंद मला सर्वांत मोलाची वाटते, कारण हा शब्द झाडीपेक्षा हक्काविषयी अधिक बोलतो. राजाच्या शिकारीसाठी राखून ठेवलेली जमीन म्हणजे फोरेस्ता, मग तिथे वृक्ष असोत वा नसोत. इंग्लंडमधील डार्टमूरचा बहुतांश भाग उघडा माळ असूनही तो ‘फॉरेस्ट’ का म्हणवला गेला, हे त्यातून उलगडते. निखळ झाडीसाठी ‘सिल्वा’ होतेच; १०७९ साली स्थापन झालेला फ्रान्समधील ला सोव येथील मठ आपल्या नावात ‘सिल्वा मायोर’, म्हणजे मोठे रान, जपून आहे आणि रोमानियातील ट्रान्सिल्व्हेनिया तर रानापलीकडचा मुलूखच.

उणिवा मात्र गंभीर आहेत. अर्थविवरणही लॅटिनमध्येच असल्याने भाषेची किमान ओळख नसलेला वाचक पहिल्याच ओळीत अडतो, आणि व्युत्पत्ती जुन्या काळच्या असल्यामुळे त्या पडताळूनच घ्याव्या लागतात. शिवाय हा स्थळनामांचा कोश नव्हे, त्यामुळे गावापासून शब्दाकडे उलटा प्रवास करायचा असेल, तर त्या प्रदेशाचा स्वतंत्र नामकोश हाताशी हवा. इंग्लंडच्या दस्तांसाठी १९७५ ते २०१३ या काळात पूर्ण झालेला ब्रिटिश साधनांचा मध्ययुगीन लॅटिन कोश अधिक उपयोगी पडेल.