कोल्हापुरातून दक्षिण अमेरिका: बारा जणांच्या ग्रुप टूरचा रिव्ह्यू

पेरू, बोलिव्हिया, अर्जेंटिना, ब्राझील. या टूरची खरी ताकद म्हणजे मार्गाचा क्रम. कोल्हापूर जेमतेम साडेपाचशे मीटरवर, पेरूतलं कुस्को शहर 3,400 मीटरवर, तिथली हवा विरळ. राजधानी लिमाहून थेट कुस्कोत मुक्काम केला की डोकेदुखी, मळमळ, झोपेचं खोबरं ठरलेलंच. इथे कुस्कोला उतरल्यावर लगेच गाडीने 2,800 मीटरवरच्या ओयान्तायताम्बोला नेतात, पहिल्या दोन रात्री तिथेच. इंकांचं प्राचीन शहर माचू पिक्चू 2,430 मीटरवर, म्हणून तेही आधी उरकतं आणि कुस्को नंतर. फार शहाणपणाची आखणी! तरीही विरळ हवेच्या त्रासावरच्या गोळ्यांबद्दल आधी डॉक्टरांना विचारा, सल्फाची अॅलर्जी असेल तर नक्कीच.

माचू पिक्चूचं तिकीट ठरावीक वेळेचं आणि ठरावीक मार्गाचं असतं. त्यावरचं नाव पासपोर्टशी अक्षरशः जुळायला हवं. आपल्याकडे वडिलांचं नाव कधी असतं, कधी गळतं, तिथेच घोळ होतो.

बोलिव्हियातल्या उयुनीच्या मिठागरावर एका जीपमध्ये सहा प्रवासी, म्हणजे बारा जणांना दोन गाड्या पुरतात. मिठावर साचलेल्या पाण्यातलं आकाशाचं प्रतिबिंब हवं असेल तर जानेवारी ते मार्च गाठा. इग्वासू धबधबा अर्जेंटिना आणि ब्राझील दोन्ही देशांतून दाखवतात, ते उत्तम.

शाकाहारींची सोय मात्र कच्ची. भाजीच्या सूपलाही चिकनचं पाणी असतं, गाइडने दरवेळी विचारायला हवं. यलो फीव्हरची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या. दाखला नसेल तर परतल्यावर विमानतळावरच अडवतात.