नऊ महिन्यांचं ऑनसाइट पॅकेज : भत्ता नंतर, तारीख आधी

नागपुरात मिहानमधल्या किंवा परसोडीच्या आयटी पार्कमधल्या कंपनीकडून ‘शॉर्ट टर्म असाइनमेंट’चं, म्हणजे काही महिने परदेशात क्लायंटकडे (ऑनसाइट) जाऊन काम करण्याचं, पत्र आलं की नजर आधी एकाच ओळीवर जाते : महिन्याला किती युरो, किती पौंड, किती डॉलर. या परीक्षणात त्या ओळीला सगळ्यात कमी वजन दिलं आहे. भत्ता देशागणिक ठरलेला असतो, मॅनेजरला तो बदलता येत नाही आणि घासाघीस करूनही फारसा हलत नाही. जे हलतं, आणि ज्यात लाखाचा फरक पडतो, ते पत्राच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर असतं.

पॅकेजचं साधारण रूप असं : सहा ते बारा महिने क्लायंटच्या शहरात, इकडचा पगार चालू, वर तिकडचा राहण्या-खाण्याचा भत्ता, व्हिसा आणि जाण्या-येण्याचं तिकीट कंपनीचं, सुरुवातीचे काही दिवस हॉटेल. आमचा कौल आधीच सांगून टाकतो. ऑगस्टपर्यंत निघणं, तिकडचा कर कंपनीने भरणं आणि परतीचं ठिकाण नागपूर, या तीन गोष्टी लेखी असतील तर पाचपैकी चार. नोव्हेंबरात निघून जुलैत परत, कर ‘कर्मचाऱ्याची जबाबदारी’ आणि परतीला ‘भारतातील कोणतेही कार्यालय’ असं लिहिलेलं असेल तर दीड, तोही अनुभवाच्या नावाने.

तारखेचं गणित नीट बघा, कारण ते फुकटात सुधारता येतं. आपलं आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. नोकरीसाठी परदेशी निघालेला भारतीय नागरिक त्या वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी भारतात असेल तर त्या वर्षापुरता अनिवासी ठरतो आणि तिकडे केलेल्या कामाचा तिकडेच मिळालेला पगार इकडच्या करातून सुटतो. १ एप्रिलपासून मोजलं तर २८ सप्टेंबरला १८१ दिवस भरतात. म्हणजे २८ सप्टेंबर ही शेवटची तारीख. पण मोजणी नागपूर सोडल्याच्या दिवसावर नसते, पासपोर्टवरच्या इमिग्रेशनच्या शिक्क्यावर असते. २८ च्या संध्याकाळी नागपूरहून मुंबईला गेलात आणि पुढचं विमान रात्री दोनचं असेल, तर शिक्का मध्यरात्रीनंतर पडून २९ चा होऊ शकतो.

म्हणून सप्टेंबरअखेरची तारीख पुरेशी सुरक्षित नाही. २५ सप्टेंबरला निघून दिवाळीला दहा दिवस घरी आलात तरी एकूण १८८ दिवस होतात आणि निवासीपणा परत गळ्यात पडतो. घरात लग्नकार्य असेल, आईवडिलांची तब्येत नरम-गरम असेल तर ऑगस्टच्या मध्यापर्यंत निघणं बरं. हाताशी महिनाभराची शिल्लक राहते.

दुसरी बाजू परतीच्या वर्षाची, आणि इथे जाणकारही फसतात. १८२ दिवसांची सवलत नोकरीसाठी निघण्याच्या वर्षाला आहे. कायमचं परत येण्याच्या वर्षाला जुना नियम लागतो : त्या वर्षात ६० दिवस भारतात आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात, तर तुम्ही निवासी. नऊ महिन्यांसाठी गेलेल्या माणसाचे मागचे ३६५ दिवस भरलेलेच असतात. त्यामुळे ऑगस्टमध्ये निघून मेअखेर परतलात, तर मार्चपर्यंतचा तिकडचा पगार सुटेल, पण एप्रिल-मेचा इकडे करपात्र होईल. नोव्हेंबर ते जुलै या पॅकेजमध्ये तर दोन्ही वर्षं निवासीच, म्हणजे पहिल्या दिवसापासूनचं परदेशी उत्पन्न भारतातल्या विवरणपत्रात दाखवायचं. तिकडे भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो इकडच्या करातून वळता होतो, पण त्यासाठी तिकडच्या कर भरल्याच्या पावत्या आणि वेगळा फॉर्म (आतापर्यंत ६७ क्रमांकाचा) लागतो. तिकडचं करवर्ष वेगळं असेल तर हे कागद आपल्या जुलैच्या मुदतीपर्यंत हाती येतीलच असं नाही.

इकडचा चालू पगार हा आणखी एक गुंता. अनिवासी झालात तरी तो नागपूरच्या खात्यात जमा होत असेल तर कंपनी टीडीएस (पगारातूनच कापला जाणारा कर) कापत राहते, कारण पैसा भारतात मिळालेला आहे. सेवा परदेशात दिली म्हणून तो सुटतो का, यावर न्यायाधिकरणांचे निकाल दोन्ही बाजूंनी आहेत. परतावा मिळेल असं धरून घराचा हप्ता आखू नका.

एचआरकडून हमखास ऐकू येणारं वाक्य : ‘१८३ दिवसांच्या आत आहात, तिकडे कर लागणार नाही.’ हे अर्धंच खरं आहे. दुहेरी कर टाळण्याच्या करारांतल्या या सवलतीला आणखी दोन अटी असतात : पगार देणारा मालक त्या देशाचा नसावा आणि पगाराचा खर्च तिकडच्या शाखेवर टाकलेला नसावा. आयटी कंपन्यांत हा खर्च बऱ्याचदा तिकडच्या शाखेच्याच वहीत जातो, म्हणजे अट तिथेच मोडते. शिवाय ही सवलत भारताचा निवासी म्हणून मिळते. इकडे अनिवासी होऊन तिकडे तीच मागता येत नाही. म्हणून पत्रात ‘टॅक्स इक्वलायझेशन’ हे शब्द शोधा. त्याचा अर्थ असा की इकडे बसला असता तर जेवढा कर लागला असता तेवढा तुमच्याकडून कापायचा, बाकी दोन्ही देशांचा भार कंपनीचा. ही तरतूद असेल तर वरच्या तारखांचा फायदा तुमच्याऐवजी कंपनीला जातो, पण डोक्याचा तापही तिलाच. आमच्या मते पहिल्यांदा जाणाऱ्याने हाच सौदा घ्यावा.

कर सुटला तरी सामाजिक सुरक्षेची (पेन्शन वगैरेची) कपात राहते. जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स, बेल्जियम, स्वित्झर्लंड, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशा देशांशी भारताचा याबाबत करार आहे. ईपीएफओचं, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेचं, सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज (इकडे पीएफ भरत असल्याचा दाखला) असेल तर इकडचा पीएफ चालू राहतो आणि करारात येणारी तिकडची वर्गणी टळते. अर्ज ऑनलाइन भरायचा, प्रिंटवर तुमची आणि कंपनीची सही घेऊन पीएफ कार्यालयात द्यायचा. कोणत्या कार्यालयात? कंपनीचा पीएफ कोड ज्या कार्यालयाकडे आहे, त्या. मोठ्या कंपन्यांचा कोड पुण्या-मुंबईचा किंवा बंगळुरूचा असतो, त्यामुळे नागपुरात रघुजीनगरच्या पीएफ कार्यालयात चकरा मारण्याआधी पगारपत्रकावरचा कोड वाचा. निघण्यापूर्वीच हे हातात हवं. तिकडे कपात सुरू झाली की ती परत मिळवणं किचकट होऊन बसतं. या सर्टिफिकेटने आरोग्य विम्याचा प्रश्न सुटतोच असं नाही, तो वेगळा विचारा. कंपनीच्या प्रवासी पॉलिसीत आधीपासूनचे आजार, बाळंतपण आणि दात बहुधा वगळलेले असतात.

अमेरिकेशी असा करार नाही. तिथे एल-१ (एकाच समूहातल्या बदलीचा) किंवा एच-१बी (तज्ज्ञ नोकरीचा) व्हिसावर पगारातून ७.६५ टक्के जातात. महिना ६,००० डॉलर धरले तर ४५९ डॉलर, नऊ महिन्यांत ४,१३१. त्याच्या बदल्यात पेन्शन मिळायला साधारण दहा वर्षांची वर्गणी लागते, म्हणजे हा पैसा गेला असंच समजा. सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने भारतातून करायच्या नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क आलं, त्यामुळे छोट्या मुदतीसाठी हा रस्ता कंपन्यांना परवडणारा नाही. उरतो एल-१ : त्यासाठी मागच्या तीन वर्षांत सलग एक वर्ष त्याच समूहाच्या अमेरिकेबाहेरच्या कंपनीत नोकरी हवी. नवीनच रुजू झालेल्याला ‘तूर्त बी-१वर जा’ असं सांगितलं तर सरळ नाही म्हणा. तो व्हिसा बैठकींसाठी आहे, प्रकल्पावर बसून रोजचं काम करण्यासाठी नाही, आणि विमानतळावर उत्तरं तुम्हाला द्यायची आहेत, मॅनेजरला नाही.

ब्रिटनच्या पत्रात आरोग्य अधिभार (तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत घेतली जाणारी रक्कम) कोण भरणार ते बघा. मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, मुलाला ७७६. नवरा, बायको आणि एक मूल मिळून २,८४६ पौंड, आणि तेही व्हिसाच्या अर्जासोबत आगाऊ. काही पत्रांत ‘व्हिसा फी कंपनीची’ एवढंच असतं आणि अधिभार त्यात धरलेला नसतो. सुरुवातीचा दुसरा मोठा खर्च घराच्या अनामतीचा. जर्मनीत ती हीटिंग वगैरे सोडून मूळ भाड्याच्या तीन महिन्यांपर्यंत मागता येते, इंग्लंडमध्ये बहुतेक घरांना पाच आठवड्यांच्या भाड्याची मर्यादा आहे. पहिला भत्ता महिनाअखेरीस मिळणार असेल तर हा पैसा कुठून आणायचा? पगाराच्या आगाऊ रकमेचं कलम मागून घ्या. हे सहसा मान्य होतं, फक्त कुणी मागत नाही.

आता परतीची ओळ. नागपूरकरांसाठी पत्रातली ही सर्वांत महागडी ओळ आहे. ‘असाइनमेंट संपल्यावर कर्मचारी भारतातील कोणत्याही कार्यालयात रुजू होईल’ असं असेल तर परतल्यावर पुणे किंवा हैदराबाद गृहीत धरा. प्रकल्प तिकडे असतात, इकडच्या कार्यालयात जागा असेलच असं नाही. मनीषनगरच्या फ्लॅटचा हप्ता भरत पुण्यात भाडं द्यायचं म्हटलं तर परदेशातली शिल्लक वर्ष-दीड वर्षात संपते. ‘मूळ कार्यालय : नागपूर’ हे शब्द पत्रात घालून मागा. तोंडी ‘बघू, होईल’ म्हणणारा मॅनेजर तुम्ही परतेपर्यंत स्वतःच दुसऱ्या प्रकल्पावर गेलेला असतो. याच पानावर प्रकल्प मध्येच बंद पडला तर काय, आणि तुम्ही नोकरी सोडलीत तर तिकीट-व्हिसाचा किती खर्च वसूल होणार, हेही असतं. वसुलीची रक्कम दर महिन्याला कमी होत जाणारी हवी. नवव्या महिन्यातही पूर्ण रक्कम मागणारं कलम खोडून घ्या.

कुटुंब नेण्याचा निर्णय मुलांच्या इयत्तेवर ठरतो. पहिली ते सातवी हरकत नाही. नववीत सीबीएसईची नोंदणी होते आणि नववी-दहावी हा सलग दोन वर्षांचा अभ्यासक्रम धरला जातो, तेव्हा मधूनच उठवू नका. विदर्भातल्या राज्य मंडळाच्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास सुरू होतात, त्यामुळे मेअखेर परतणाऱ्याला प्रवेशासाठी थोडा वेळ मिळतो. सीबीएसईवाल्यांना तो मिळत नाही. जोडीदाराच्या कागदांत नावाचा घोळ ठरलेला : विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, विवाह दाखल्यावर माहेरचं. व्हिसाची तारीख घेण्याआधी तिन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. पासपोर्टात दुरुस्ती करायची तर पुन्हा पोलीस पडताळणी लागू शकते.

घर बंद ठेवणार असाल तर पावसाळ्याआधी वाळवीचा उपाय करून घ्या आणि वीजबिलाला ऑटो-पे लावा. वापर शून्य असला तरी महावितरणचा स्थिर आकार येतच राहतो. तिकडे गाडी चालवायची असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना आपल्याच आरटीओतून निघतो, शुल्क १,००० रुपये, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. बँकेला कळवून बचत खातं एनआरओ (अनिवासींचं रुपयांतलं खातं) करून घेणं परकीय चलनाच्या नियमाने बंधनकारक आहे. इथे १८२ दिवसांचा हिशेब चालत नाही, नोकरीसाठी देश सोडला की लागू.

परतल्यावरचं एक काम बहुतेक पत्रांत नसतंच. तिकडचं बँक खातं बंद केलेलं असो वा चालू, निवासी झालेल्या वर्षाच्या विवरणपत्रात ते ‘शेड्यूल एफए’मध्ये (परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात) दाखवावं लागतं, आणि तिथला हिशेब एप्रिल ते मार्च नाही, जानेवारी ते डिसेंबर असा धरायचा. विवरणपत्राच्या साध्या आयटीआर-१ फॉर्ममध्ये ही सोयच नाही, आयटीआर-२ भरावा लागतो. न दाखवल्यास काळ्या पैशाच्या २०१५ च्या कायद्याखाली दहा लाखांचा दंड आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून एकूण वीस लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला त्यातून सूट मिळाली, पण दाखवण्याची सक्ती तशीच आहे. खातं बंद करताना वर्षभरातली सर्वाधिक शिल्लक दाखवणारं विवरण डाउनलोड करून ठेवा. नंतर लॉगिन बंद होतं आणि बँक टपालाने काही पाठवत नाही.