गोव्यात बसून बर्फ रंगवताना: पॅलेट नाइफचा आठ महिन्यांचा अनुभव

मागच्या डिसेंबरात पणजीहून पाच पॅलेट नाइफचा (रंग लावायच्या बोथट, लवचीक सुऱ्यांचा) संच आणला, आणि तेव्हापासून फोंड्याच्या घरी ब्रशला हात न लावता तैलरंगांत हिवाळी निसर्गचित्रे रंगवीत आहे. प्रत्यक्ष बर्फ मी मनालीच्या सहलीत एकदाच पाहिला आहे. बाकी भिस्त तेव्हाच्या छायाचित्रांवर.

पाचांपैकी कामाचे दोनच. हिऱ्याच्या आकाराच्या लवचीक पात्याने डोंगर आणि बर्फ होतो, तर अरुंद टोकदार पात्याच्या कडेने सूचिपर्णी झाडांच्या फांद्या ओढता येतात. दोन्हींच्या दांड्याला बाक असल्यामुळे बोटांची पेरे ओल्या रंगात बुडत नाहीत. उरलेली तीन पाती इतकी ताठ आहेत की ती मी पॅलेट खरवडायला ठेवली आहेत.

पहिल्या दोन चित्रांत मी टिटॅनियम व्हाइट हा पांढरा रंग सरसकट थापला आणि भिंतीला गिलावा केल्यासारखे दिसू लागले. डोळे उघडले ते एप्रिलमध्ये, पेडण्याजवळच्या आगरवाड्याच्या मिठागरांवर. मिठाच्या राशींची उन्हाकडची बाजू किंचित पिवळसर होती आणि सावलीच्या बाजूने आकाशाचा निळा उचलला होता. बर्फाचेही तसेच: सावलीत थेट ऊन पोहोचत नाही, आकाशाचा उजेड तेवढा पोहोचतो. आता सावलीसाठी पांढऱ्यात अल्ट्रामरीन निळा आणि कणभर तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना, उन्हासाठी मातकट पिवळ्या यलो ऑकरचा नुसता स्पर्श, आणि शुद्ध पांढरा अगदी शेवटी. एकोणिसाव्या शतकात नाइफने हिमदृश्ये रंगवणारा फ्रेंच चित्रकार गुस्ताव्ह कुर्बे गडद पायावर उजेड चढवीत असे, त्याचे कारण असे मिठागरात कळले.

तो शेवटचा पांढरा देताना पात्याच्या कडेवर रंगाची बारीक वळी घेऊन ती वाळलेल्या गडद थरावरून हलकेच ओढावी. रंग कॅनव्हासच्या विणीच्या उंचवट्यांवरच धरतो आणि मधून खडक डोकावतो. तिथेच पाते पुन्हा फिरवले की सगळा चिखल.

खरी तक्रार पावसाळ्याची आहे. वेष्टनावर स्टेनलेस लिहिलेले असूनही जूनमध्ये पाते आणि दांडा यांच्या जोडावर गंज आला आणि त्याचा तांबूस ओरखडा थेट बर्फात उमटला. हल्ली पात्यांना खोबरेल लावून ठेवतो, मात्र वापरण्यापूर्वी ती टर्पेंटाइनने पुसावीच लागतात, कारण खोबरेल स्वतः वाळत नाही आणि रंगालाही वाळू देत नाही. तैलरंगातले जवसाचे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते, त्यामुळे जाड थरावर साय धरते, आत रंग मऊच राहतो. मे अखेरीस संपवलेल्या चित्राची कड जुलैतही नखाने दबत होती.

याच चित्राला बुरशी लागू नये म्हणून कपाटात ठेवले, तर अंधारात जवसाचे तेल पिवळे पडून बर्फाला तुपाची छटा आली. गेले तीन आठवडे ते बल्कांवात (घरापुढच्या ओसरीत), थेट ऊन लागणार नाही पण उजेड मिळेल अशा ठिकाणी टेकवून ठेवले आहे. पिवळेपणा बराच उतरला आहे, सावल्यांचा निळा अजून पुरता परतलेला नाही.