घरी येऊन रक्त नेणारी लॅब: सुई हलकी, रिपोर्ट जड
वर्षभर थकवा, केस गळणं, आणि भर मे महिन्यात इंदूरच्या उन्हात मला शाल! सगळे म्हणाले, वय झालं. शेवटी लॅबवाल्यांना घरी बोलावलं. मुलगा सकाळी सातला हजर. सुई टोचलेली कळलीसुद्धा नाही. रिपोर्ट मात्र ‘संध्याकाळी देतो’ म्हणून तिसऱ्या दिवशी, तोही दोनदा फोन केल्यावर. टीएसएच, म्हणजे थायरॉईड ग्रंथीला कामाला लावणारं हार्मोन, १८! साधारण ४ च्या आत हवं. म्हणजे थायरॉईड सुस्तावलेली, आणि मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी हे हार्मोन सोडून तिला हाका मारून बेजार. आता थायरॉक्सिनची गोळी उपाशीपोटी, मग अर्धा-पाऊण तास चहासुद्धा नाही, पोहे-जिलबी तर लांबच. कॅल्शियम चार तासांनी. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी. बोलावीन याच मुलाला, रिपोर्ट आणायला मात्र ह्यांना पाठवीन.