कोल्हापुरी चप्पल: चावते कुठे आणि फसते कुठे

अस्सल कोल्हापुरीचे ऑनलाइन अभिप्राय चाळले की एक तारा देणारे लगेच डोळ्यांत भरतात: "अंगठा चावला, पैसे पाण्यात." तीच चप्पल पुढे दोन उन्हाळे निमूट चालली, तर ते सांगायला सहसा कुणी परत येत नाही.

याचं मूळ शरीरातच आहे. सारखा, हलका स्पर्श त्वचेला थोड्या वेळाने जाणवेनासा होतो, म्हणून नीट बसलेली चप्पल पायात आहे हेच विसरायला होतं. दुखणं मात्र इजेची सूचना देतं, ते असं सहजी गप्प बसत नाही. शिवाय भीती-वेदनेच्या आठवणी पक्क्या होण्यात मेंदूतल्या अमिग्डालाचा हात असतो. पॉल रोझिन आणि एडवर्ड रॉयझमन या मानसशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये दाखवून दिलं की वाईट गोष्ट चांगलीवर मात करते. पांढऱ्या रश्श्यात एक माशी पडली की वाटी गेली. माश्यांच्या वाटीत कितीही रस्सा ओता, ती काही सुधारत नाही. पैशाचंही तेच. कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांच्या १९९२ च्या अंदाजानुसार तेवढ्याच नफ्याच्या आनंदापेक्षा तोटा सव्वादोन पट बोचतो.

म्हणून आधी हे ठरवून टाका: सुरुवातीला चावणं हा दोष नव्हे. हिरडा आणि बाभळीच्या सालीने कमावलेलं चामडं ताठच असतं. ते पायाच्या उबेने, घामाने वळण घेतं. पण रुंदीला सैलावतं, लांबीला नाही. टाच मागे बाहेर येत असेल, तर "होईल सैल" या शब्दावर जाऊ नका. माप संध्याकाळी बघा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. घरी आणल्यावर चप्पलच्या अंगठ्याच्या (पायाचा अंगठा अडकवायच्या वळ्याच्या) आणि कानांच्या (बाजूच्या पट्ट्यांच्या) आतल्या बाजूला खोबरेल तेलाचे तीन-चार थेंब चोळा, रात्रभर ठेवा, सकाळी कोरड्या फडक्याने पुसा. पहिला आठवडा रोज अर्धा-पाऊण तास, तेही घरातल्या घरात. तेलाचा हात सैल सोडलात तर पट्टा ढिला पडतो, आणि तो मग घट्ट होत नाही.

खरे दोष वेगळे. तळाची शिवण चामड्याच्या वादीची हवी. थर नुसते चिकटवलेले असतील, तर पाणी लागलं की तळ सुटणार. अंगठा ओढून बघा. मुळाशी फट दिसली की ती जोडी खाली ठेवा, भाव कितीही उतरवून मिळो. "महिन्यात वादी तुटली" हा अभिप्राय दिसला तर थांबा, "चावली" दिसला तर खुशाल पुढे जा. निपाणी-अथणीची म्हणून नकली, ही तक्रार तर बिनबुडाचीच: २०१९ च्या भौगोलिक मानांकनात, म्हणजे अस्सल माल कुठल्या भागातला हे ठरवणाऱ्या सरकारी नोंदीत, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत, त्यात निपाणी-अथणीचा बेळगाव जिल्हाही आहे.

पावसाळ्यात ही चप्पल घालू नये. भिजलीच तर सावलीत वाळवा, उन्हात ती आकसून तडकते. ठेवताना वर्तमानपत्रात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी धरते.