हॉटेल ते इमॅजिका : नऊ महिने, पाच फेऱ्या आणि परतीची गाडी

खोपोलीजवळच्या इमॅजिका या मनोरंजन उद्यानाला पुण्याहून सकाळी निघून रात्री परत येता येते, मग मुक्काम कशाला, असे कोथरूडमधल्या शेजाऱ्यांनी मला बरेचदा विचारले आहे. अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास आहे हे खरे, पण दिवसभर उन्हात उभे राहून गळून गेलेली माणसे गाडीत घालून रात्री बोरघाट चढणे मला झेपत नाही, आणि सोबत सत्तरी ओलांडलेली आत्या असेल तर ते करूही नये. शिवाय थीम पार्क आणि वॉटर पार्क ही दोन वेगळी उद्याने आहेत. पहिले २०१३ मध्ये सुरू झाले, दुसरे त्याच्या पुढच्या वर्षी. दोन्ही एका दिवसात उरकू म्हणणारा माणूस दोन्हीकडे रांगाच पाहून येतो. म्हणून गेल्या नोव्हेंबरपासून या जुलैपर्यंत मी पाच वेळा मुक्कामाच्या बेतानेच गेलो. कधी नागपूरचे पाहुणे होते, कधी भावाच्या भोसरीतल्या वर्कशॉपची मंडळी, कधी सोसायटीतली मुले. राइड्सविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. मला सांगायचे आहे ते हॉटेलच्या दारापासून उद्यानाच्या फाटकापर्यंतच्या प्रवासाबद्दल, आणि त्याहूनही अधिक, त्या फाटकापासून परत हॉटेलवर येण्याबद्दल.

पहिल्या वेळी पुणेकराच्या सवयीने लोणावळ्यात खोली घेतली. इथेच पहिली चूक झाली. लोणावळा घाटाच्या वर आणि उद्यान घाटाच्या पायथ्याशी, खोपोली–पाली रस्त्यावर सांगडेवाडीला. म्हणजे पंचवीस-एक किलोमीटरच्या त्या अंतरात अख्खा घाट येतो. द्रुतगती मार्गावर तीनचाकीला बंदी असल्यामुळे लोणावळ्याच्या रिक्षाचा विचार करण्यात अर्थ नव्हता, आणि टॅक्सीवाल्याने जाण्यायेण्याचे भाडे धरून वर दिवसभर थांबण्याचे पैसे सांगितले. त्यात चूक काढता येणार नाही, कारण खाली उतरून रिकामा परत येणे त्यालाही परवडत नाही. सकाळी उतरताना काही जाणवले नाही. संध्याकाळी मात्र मुंबईहून वर येणारी शनिवारची सगळी गर्दी आमच्या पुढे होती. ट्रकच्या मागे ट्रक, आणि मागच्या सीटवर पुतण्याला मळमळ. आत्या खिडकीची काच खाली करून शांतपणे म्हणाली, ‘‘अरे, एवढ्या वेळात आपण घरी पोचलो असतो.’’ ती खरेच बोलत होती.

पुढच्या चारही वेळा घाटाखालीच राहिलो. दुसऱ्या फेरीत खोपोली परिसरातले एक हॉटेल निवडले, कारण त्यांच्या माहितीपत्रकात ‘उद्यानापर्यंत मोफत वाहनसेवा’ असे ठळक अक्षरांत छापले होते. त्यातल्या ‘पर्यंत’ या शब्दाकडे मी पुरेसे लक्ष दिले नाही, हे पुण्यात वाढलेल्या माणसाने कबूल करणे जरा लाजिरवाणेच आहे. सकाळी दहाला बारा आसनांची व्हॅन वेळेवर आली, चालक नम्र होता, त्याने आम्हांला अगदी तिकीट खिडकीजवळ सोडले. संध्याकाळी उद्यानातली परेड आटोपल्यावर आम्ही बाहेर आलो, तेव्हा त्याच हॉटेलचे तेवीस लोक त्या एका व्हॅनपाशी उभे होते. सकाळी ते तीन फेऱ्यांत आले होते. संध्याकाळी सगळे एकाच वेळी बाहेर पडले. चालकाने वहीत नावे पाहून बारा जण बसवले आणि उरलेल्यांना ‘दुसरी फेरी करतो’ असे सांगितले. ती दुसरी फेरी सव्वा तासाने झाली. आत्या तोवर वाहनतळाच्या कडेला काठावर बसून होती; तिच्या एका हातात पाण्याची रिकामी बाटली होती आणि दुसऱ्या हातात पुतण्याचा एकच बूट, कारण दुसरा घातलेल्या अवस्थेत तो तिच्या मांडीवर झोपला होता. स्वागतकक्षात विचारणा केल्यावर उत्तर मिळाले, ‘‘सर, आमची सेवा सोडण्याची आहे. आणणे आम्ही सोय म्हणून करतो.’’ माहितीपत्रक काढून पाहिले. भाषेच्या दृष्टीने त्यांचे बरोबर होते.

सकाळी माणसे विखुरलेली निघतात, म्हणून वाहन पुरते. संध्याकाळी परेडनंतर ती एकदम बाहेर येतात, म्हणून तेच वाहन अपुरे पडते. हे एकदा ध्यानात आल्यावर मी हॉटेलला विचारायचे प्रश्न बदलले. वाहनसेवा आहे का, याऐवजी मी आता शेवटची परतीची फेरी किती वाजता, आसने किती, आणि त्या रात्री नोंदणी किती माणसांची आहे, हे विचारतो. तिसऱ्या प्रश्नाला सहसा उत्तर मिळत नाही.

व्हॅनचा नाद सोडला तर रिक्षा हा खोपोलीतला व्यवहार्य मार्ग आहे, मात्र मीटरची अपेक्षा ठेवू नये. भाडे बसण्याआधी ठरवावे. ॲपवरच्या टॅक्सीवर मी दोनदा विसंबलो आणि दोन्ही वेळा संध्याकाळी पडद्यावरचे चक्र फिरत राहिले. तिसऱ्या फेरीपासून एका रिक्षावाल्या काकांशी जाण्यायेण्याचे एकत्रच ठरवू लागलो. मी अर्धे पैसे सकाळी देऊ केले, तर म्हणाले, ‘‘आत्ता नको साहेब, परत आणल्यावर सगळे एकदम द्या, म्हणजे तुमचा पण जीव निवांत.’’ नऊ महिन्यांतला हा सर्वांत सुरळीत व्यवहार ठरला. खोपोली–पाली एसटीनेही जाता येते, पण तिच्या वेळा उद्यान सुटण्याच्या वेळेशी जुळतील असे गृहीत धरू नये. सामान नसलेल्या दोघांना ती ठीक, कुटुंबाला नाही. गाडी नसणाऱ्यांनी सिंहगड एक्स्प्रेसने कर्जतला उतरून खोपोली लोकल धरावी. वर्कशॉपमधली चार तरुण मुले तशीच आली आणि आमच्याइतकीच वेळेवर पोचली.

रस्त्याबद्दल एक गोष्ट हॉटेलवाले आपणहून सांगत नाहीत. हाच रस्ता पुढे पालीच्या बल्लाळेश्वराला जातो, आणि अष्टविनायकांतलाच आणखी एक गणपती, महडचा वरदविनायक, खोपोलीजवळच आहे. आमची तिसरी फेरी नेमकी माघी गणेशोत्सवात पडली. एरवी पाव तासाच्या अंतराला पाऊण तास लागला, पुढे-मागे भगवे झेंडे लावलेल्या गाड्या, आणि आमच्या गाडीत ‘नायट्रो’ या रोलर कोस्टरमध्ये पहिल्या रांगेत कोण बसणार यावर भांडणारी मुले. तेव्हापासून तारीख ठरवताना मी कालनिर्णयही पाहतो. संकष्टी, विशेषतः अंगारकी, टाळतो.

मे महिन्यातली फेरी वॉटर पार्कसाठी होती. तिथला त्रास अगदी साधा, पण आधी सुचत नाही: ओल्या कपड्यांतल्या मुलांना कोणताही चालक आनंदाने बसवून घेत नाही. काकांनीही नाक मुरडले. कपडे बदलायच्या जागी रांग असल्याने मुले तशीच बाहेर आली होती, शेवटी सीटवर घरून आणलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या फाडून अंथरल्या. जुलैत वेगळाच प्रकार झाला. जोराच्या पावसात उघड्यावरच्या राइड्स थांबल्या, आणि दुपारी साडेतीनलाच सगळे बाहेर पडू लागले; हॉटेलची पहिली परतीची फेरी सहाला होती. त्या दिवशी स्वतःची गाडी नेली होती म्हणून निभावले. पावसाळ्यात मी आता स्वतःची गाडीच नेतो, मात्र दरडींचे दिवस असल्याने घाट दिवसाउजेडीच उतरतो आणि दिवसाउजेडीच चढतो.

एकूण पाहता, या प्रवासासाठी हॉटेलला पैसे मोजावेत का, तर घाटाखालचे हॉटेल आणि आधी ठरवलेली परतीची रिक्षा असेल तर जरूर मोजावेत. लोणावळ्यात राहून रोज घाट उतरण्याचा बेत मी पुन्हा करणार नाही, मग तिथली खोली कितीही स्वस्त असो. मोफत व्हॅनसाठी जास्त दराची खोली घेणे मला परवडलेले नाही. दुसऱ्या फेरीत प्रत्येक खोलीमागे जो फरक मोजला, त्यात काकांच्या रिक्षाचे दोन दिवसांचे भाडे निघून वर चहापाणी झाले असते.

दिवाळीच्या सुट्टीत आत्याला पुन्हा यायचे आहे. या वेळी रस्त्यालगतच्या तिसऱ्याच एका हॉटेलला माझे तीन प्रश्न लिहून पाठवले. काल उत्तर आले: शेवटची परतीची फेरी पावणेनऊ, आसने सतरा, त्या रात्री आतापर्यंतची नोंदणी अकरा माणसांची. आम्ही सहा आहोत. आगाऊ रक्कम भरली आणि काकांनाही फोन करून ठेवला.